साठ संध्याकाळी आणि एक प्रयोग



ज्या नाटकावर कोणाचेही पोट चालत नाही, त्याला मराठीत हौशी नाटक म्हणतात. दिवसा शाळेत शिकवणारा, बँकेत काउंटरवर बसणारा, एसटीत वाहक असणारा, औषधांचे दुकान चालवणारा किंवा कृषी विद्यापीठात शिकणारा माणूस संध्याकाळी सात वाजता दुसराच कोणी होतो. त्याबद्दल त्याला एक रुपया मिळत नाही. उलट पदरचे जातात. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी नाटक टिकून आहे ते या माणसांच्या जिवावर. आजचा विषय हीच माणसे आणि त्यांचे नाटक: ते कोठून आले, कसे उभे राहते, आणि उभे राहिल्यावर एका रात्रीत का संपते.

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. मराठी रंगभूमीच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन ज्या प्रयोगाच्या आठवणीत पाळला जातो, तो विष्णुदास भाव्यांचा 'सीता स्वयंवर' हा खेळ १८४३ साली सांगलीत झाला. मुंबईत झाला नाही, पुण्यात झाला नाही. सांगली तेव्हा एका लहान संस्थानाची राजधानी होती. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तिथल्या राजांना वाटले, असे काही मराठीत व्हावे. आणि दरबाराच्या आश्रयाला असलेल्या भाव्यांनी ते करून दाखवले. तिकीट, कंपन्या, दौरे, नाट्यगृहे हे सगळे नंतरचे. आधी एक लहान गाव होते आणि हौस होती.

मग परभणीत ही परंपरा उशिरा का रुजली? याचे उत्तर इथल्या माणसांच्या रसिकतेत शोधू नये, इतिहासात शोधावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू, कचेरीची भाषा उर्दू. 'गश्ती निशाण ५३' या फर्मानामुळे परवानगीशिवाय सभा भरवता येत नव्हती, भाषण करता येत नव्हते. संस्थानातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होते. चार माणसांनी एकत्र जमून मराठीत मोठ्याने बोलणे हीच ज्या काळात संशयाची गोष्ट होती, त्या काळात रात्री शंभर माणसे गोळा करून नाटक करणे किती अवघड असेल, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या हौशी रंगभूमीला ज्या एका गोष्टीने आकार दिला, ती राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. पण ती सुरू केली मुंबई राज्याने. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ला. म्हणजे पुणे, नाशिक, सांगली या गावांतल्या संस्था स्पर्धेत उतरल्या, तेव्हा परभणी वेगळ्याच राज्यात होती. आरंभाची ही दोन वर्षे मोजायला लहान वाटतात. पण त्यांच्यामागे जी शंभर वर्षे होती, त्यांतही परभणीला ना नाट्यगृह मिळाले, ना कंपन्यांच्या दौऱ्यांचा नेहमीचा राबता.

नाटक मात्र होते. फक्त त्याला कोणी नाटक म्हणत नव्हते. गोंधळाचा उत्तररंग पाहा. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, आणि त्याचा साथीदार मध्येच अडवून वेड्यासारखे प्रश्न विचारतो. त्या प्रश्नोत्तरांतून कथा पुढे सरकते. राजाही तोच होतो, राणीही तोच होतो, आणि नेपथ्य म्हणून असते एक दिवटी. गोंधळाच्या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते राजारामबापू कदम परभणीचे. भारूड आहे, सोंगी भजन आहे, जलशाची परंपरा आहे. सोंग आणणे, आवाज बदलणे, समोरच्या गर्दीला हसवता हसवता गप्प करणे, हे सगळे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. शहरातल्या नाट्यसंस्थांनी या ठेव्याकडे फार उशिरा पाहिले. आधी त्यांनी पाहिले ते पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्याकडे. हा दोष मोठा होता, आणि त्याची किंमत भाषेच्या रूपाने मोजावी लागली. त्याकडे पुढे यायचे आहे.

आता नाटक बसते कसे ते पाहू. इथे थोडे थांबायला हवे, कारण हौशी नाटकाचा सगळा जीव इथेच आहे.

राज्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होते. म्हणजे तालमी गणपती उठल्यावर सुरू व्हायला हव्यात. पण संहिता ठरता ठरता नवरात्र येते. संहिता निवडताना संस्थेत पहिला प्रश्न विचारला जातो तो नाटकाच्या आशयाचा नसतो. प्रश्न असतो, "किती पुरुष, किती स्त्री?" चार पुरुष, दोन स्त्री असेल तर पुढे वाचायचे. स्त्रीपात्रे पाच असतील तर नाटक कितीही चांगले असो, वही मिटायची. मग लेखकाची परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, प्रवेशअर्ज. तोवर सोयाबीन काढणीला आलेले असते. ज्यांच्या घरी शेती आहे अशी दोन-तीन मुले प्रत्येक संस्थेत असतातच. ती आठ दिवस दिसेनाशी होतात. ती परत येतात तोच दिवाळी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, आणि महाविद्यालयातल्या मुलांच्या सत्र परीक्षा. या सगळ्या फटींतून ज्या साठ-एक संध्याकाळी हाती लागतात, त्यांत नाटक बसवायचे असते.

तालमीची जागा म्हणजे बहुधा एखाद्या शाळेचा वर्ग. मुख्याध्यापक रसिक असावे लागतात आणि शिपाई त्यांच्याहून रसिक असावा लागतो, कारण कुलूप त्याला लावायचे असते. बाक भिंतीला सरकवतात. फरशीवर खडूने नेपथ्याचा नकाशा काढतात: इथे दार, इथे खिडकी, हा जिना, हा कोच. दोन खुर्च्या जोडल्या की कोच होतो. डस्टर कानाला लावला की फोन होतो. खडूची रेघ ओलांडून कोणी आत आला की दिग्दर्शक ओरडतो, "अरे, भिंतीतून आलास!" पहिले आठ-दहा दिवस नुसते वाचन. मग हातात वही घेऊन हालचाली. मग वही सुटते, आणि वही सुटली की खरी फजिती सुरू होते. कारण तोपर्यंत प्रत्येकाला वाटत असते की आपल्याला पाठ आहे. कोपऱ्यात प्रॉम्प्टर बसलेला असतो. तो संस्थेतला सर्वात दुर्लक्षित माणूस, आणि अखेरीस सबंध नाटक ज्याला एकट्यालाच पाठ असते असाही तोच. ऐन वेळी कोणी आजारी पडले तर कपडे चढवून उभा राहतो तो प्रॉम्प्टर.

रोज कोणीतरी गैरहजर असतेच. वाहकाची ड्यूटी बदललेली असते, बँकेत तपासणीचे काम निघालेले असते. मग गैरहजर माणसाची जागा दुसरा धरतो, वाक्ये वाचून दाखवतो, आणि त्या उसन्या भूमिकेत कधीकधी मूळ नटाहून खरा वाटतो. विजय तेंडुलकरांनी नेमकी हीच गोष्ट पकडली होती. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केले, आणि ते उभे राहिले राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने. त्याचा विषय काय? काही हौशी मंडळी गावात प्रयोग करायला येतात. संध्याकाळी होणाऱ्या अभिरूप न्यायालयाच्या खेळाची रंगीत तालीम म्हणून लटका खटला उभा करतात. न आलेल्या माणसाच्या जागी सामंत नावाचा गावातला एक साधा माणूस उभा करतात. आणि या गमतीच्या खटल्यात त्यांच्यातल्याच लीला बेणारेच्या आयुष्याची चिरफाड होते. प्रयोग होण्यापूर्वीच सगळे घडून गेलेले असते. तालीम ही प्रयोगाहून मोठी घटना असू शकते, हे ज्याने एकदा तालीम केली आहे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

लहान गावात तालमीचे आणखी एक मोल आहे. परभणीत मोंढ्यातल्या आडत्याचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, वस्तीतला रिक्षावाला आणि विद्यापीठातला प्राध्यापक रोज दोन तास एकमेकांना 'अरे-तुरे' करून बोलतील अशी दुसरी जागा कोणती? लग्नात भेटतात ते आपापल्या पंगतीत. निवडणुकीत भेटतात ते आपापल्या बाजूने. तालमीत मात्र आडत्याच्या मुलाला नोकराचे काम मिळते, रिक्षावाला पाटील होतो, आणि दोघांनाही एकाच दिग्दर्शकाची बोलणी खावी लागतात. दहा वाजता कटिंग चहा येतो, तो सगळ्यांना एकाच किटलीतून येतो. गावाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

स्त्री कलाकारांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. एकेकाळी लहान गावांतल्या संस्थांना बाहेरगावाहून मानधन देऊन नटी बोलवावी लागे. ती प्रयोगाच्या दोन दिवस आधी यायची, पाठ केलेले म्हणून दाखवायची आणि रात्रीच्या गाडीने परत जायची. आज गावातल्याच मुली उभ्या राहतात. हा मोठा बदल आहे, आणि तो आपोआप झालेला नाही. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनी तो घडवला. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेली मुले आपापल्या गावी परतली, आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर परभणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना जवळचे व्यासपीठ मिळाले. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य यांत एकदा स्टेजवर गेलेली मुलगी दुसऱ्यांदा जायला घाबरत नाही.

पण तालीम दहाला सुटते. मग तिला घरी सोडायचे कोणी? सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. ज्या संस्थेने हे काम नीट लावून दिले, म्हणजे कोण कोणाला सोडणार, पोचल्यावर फोन कोण करणार, पहिल्या दिवशी दिग्दर्शक स्वतः तिच्या घरी जाऊन वडिलांशी कधी बोलणार, त्या संस्थेत मुली वर्षानुवर्षे टिकतात. ज्या संस्थेने 'येईल ती येईल' म्हटले, त्या संस्थेत दरवर्षी स्त्रीपात्राचा शोध नव्याने सुरू होतो. लग्न झाल्यावर बहुतेकींचे नाटक सुटते. जिचे सुटत नाही तिच्या सासरी कोणीतरी एक माणूस नाटकवेडा असतो. इतक्या नाजूक धाग्यावर हे सगळे उभे आहे.

आता भाषा. परभणीच्या बाजारात मराठी आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात नांदतात. इथला माणूस 'का' म्हणत नाही, 'कामून' म्हणतो. 'काय करतोयस' म्हणत नाही, 'काय करायलास' म्हणतो. हाच माणूस स्टेजवर गेला की मात्र सदाशिव पेठेतला होतो. अनेक वर्षे तालमीतला निम्मा वेळ 'न' आणि 'ण' यांच्यात गेला. उच्चार शुद्ध असावेत यात वाद नाही. नटाला प्रमाणभाषा आलीच पाहिजे. पण स्वतःची भाषा विसरून उसन्या भाषेत रडणारा नट प्रेक्षकाला रडवू शकत नाही. बापाच्या मरणाचा प्रसंग करताना ज्याचे अर्धे लक्ष 'पाणी' नीट म्हणण्याकडे आहे, तो दुःखापर्यंत पोचणार कधी?

याचे उत्तर शेजारच्याच जिल्ह्यातून आले. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. या गावच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले, संभाजी भगत यांच्या कल्पनेतून आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली रंगमंचावर आले. त्यातले बहुतेक नट शेती करणारे. भाषा त्यांच्या घरातली, लय जलशाची आणि शाहिरीची. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले, आणि तिथला प्रेक्षक ती बोली ऐकायला तिकीट काढून आला. त्यानंतर मराठवाडी बोलीत नाटक करायला संकोच वाटण्याचे कारण उरले नाही. आज परभणीच्या संस्था आपल्या लेखकांच्या संहिता करतात, दुष्काळावर करतात, शेतकऱ्याच्या घरावर करतात. त्या सगळ्या चांगल्या असतात असे नाही. शेतकऱ्याची आत्महत्या हा विषय स्पर्धेत चालतो म्हणून घेतलेल्या संहिताही त्यांत असतात, आणि त्या लगेच ओळखू येतात. पण पाय स्वतःच्या मातीवर आहेत, हे खरे.

रंगमंचाची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाऊ. परभणीने नटराज रंगमंदिर पाहिले, बी. रघुनाथ सभागृह पाहिले. बी. रघुनाथांचे नाव नाटकाच्या जागेला असणे योग्यच आहे. १९१३ ते १९५३ एवढ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत करत, या माणसाने कविता, कथा, 'आडगावचे चौधरी'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. नोकरीतून उरलेला वेळ म्हणजे काय आणि त्यातून काय काय उभे राहू शकते, हे हौशी नटाला त्यांच्याइतके कोण सांगणार? मात्र सभागृह वेगळे आणि नाट्यगृह वेगळे. सभागृहात व्यासपीठ असते, नाट्यगृहात रंगमंच असतो. नाटकाला दोन्ही बाजूंना विंगा लागतात, मागे सेट ठेवायला जागा लागते, दिवे टांगायला वर बार लागतात, आणि कुजबुजले तरी शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशी छताची रचना लागते. सत्कार आणि नाटक या दोन्हींसाठी म्हणून जी वास्तू बांधली जाते, ती बहुधा सत्काराच्याच सोयीची होते.

म्हणून हौशी संस्था आपली भिंत आपल्याबरोबर घेऊन फिरते. या भिंतीला फ्लॅट म्हणतात. लाकडी रिपा ठोकून दरवाजाहून थोडी उंच चौकट करायची. तिच्यावर मांजरपाट ताणून बारीक खिळ्यांनी मारायचा. मैद्याची खळ शिजवून ती ब्रशने दोनदा फिरवायची. ओले कापड सैल पडते आणि वाटते, सगळे वाया गेले. पण उन्हात ठेवल्यावर ते असे ताठ होते की टिचकी मारली तर डफासारखे वाजते. मग त्यावर रंगाचा हात. गल्लीत असे आठ-दहा फ्लॅट रांगेने वाळत ठेवले की येणारे-जाणारे विचारतात, "यंदा कोणतं नाटक?" परभणीतल्या नाटकाची पहिली जाहिरात अशी होते. पुढच्या वर्षी त्याच फ्लॅटवर दुसरा रंग चढतो. एखाद्या जुन्या संस्थेच्या फ्लॅटचा कोपरा खरवडला तर दहा वर्षांची नाटके एकाखाली एक निघतील: खाली वाड्याची भिंत, वर दवाखाना, त्यावर चाळ, त्यावर तुरुंग.

आणि मग तो दिवस उगवतो. सकाळी सेट लागतो, दुपारी दिवे बांधतात, पाच वाजता रंगभूषा सुरू होते. विंगेत नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. सभागृहात मध्यावर एक टेबल असते, त्यावर लहानसा दिवा, आणि त्यामागे बाहेरगावचे तीन परीक्षक. दोन-सव्वादोन तासांत नाटक संपते. अकरा वाजेपर्यंत सेट उतरवून सभागृह मोकळे करायचे असते, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेचा सेट लागायचा असतो. 'छोटा हत्ती' म्हणतात त्या टेम्पोत फ्लॅट चढतात. पहिल्या क्रमांकाचे नाटक पुढे अंतिम फेरीला जाते. बाकीची?

बाकीची संपतात. साठ संध्याकाळी आणि एक प्रयोग. हौशी रंगभूमीचे सर्वात मोठे दुःख कोणते असेल तर ते हे. अनुदान थोडे मिळते, सभागृह धड नसते, स्त्रीपात्र मिळत नाही, ही सगळी दुःखे खरी; पण त्यांतून वाट काढून नाटक उभे राहतेच. उभे राहिलेले नाटक एका रात्रीत मारण्याचे काम मात्र आपण दरवर्षी करतो.

एका प्रयोगात नट काय शिकतो? तालमीत त्याला संवाद येतात, हालचाली येतात. प्रेक्षक येत नाही. कोणत्या वाक्यावर हशा येतो आणि तो ओसरेपर्यंत किती थांबायचे, कोणत्या शांततेला आणखी दोन क्षण ताणता येते, कुठे लोक खुर्चीत चुळबुळ करतात, हे फक्त प्रेक्षक शिकवतो, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला. पहिल्या प्रयोगात नट स्वतःला सावरत असतो. व्यावसायिक नाटकाचा पंचविसावा प्रयोग पाहून आपण म्हणतो, केवढे सफाईदार काम! त्याच नटाचा पहिला प्रयोग आपण पाहिलेला नसतो. परभणीच्या नटाचा मात्र आपण नेहमी पहिलाच पाहतो, आणि त्यावरून त्याची किंमत करतो.

याचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. प्रयोग एकच आणि तो परीक्षकांसमोर, म्हटल्यावर नाटक त्या तीन माणसांसाठी लिहिले जाते, त्यांच्यासाठी बसवले जाते. गूढ प्रतीके, विनाकारण धूर, लाल निळे झोत, शेवटी एक लांब स्वगत: यालाच 'स्पर्धेचे नाटक' म्हणतात, आणि हा शब्द नाटकवाले स्वतःच वापरतात. तीनशे माणसांच्या सभागृहात तीन माणसांसाठी नाटक होत असेल, तर उरलेली दोनशे सत्त्याण्णव हळूहळू यायची बंद होतात. मग आपण म्हणतो, परभणीत प्रेक्षक नाही.

प्रेक्षक खरोखरच नाही काय? चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगाव मंडई भरते, शंकरपट भरतात, आणि रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज-वडसा हे त्यांचे माहेर. तिथे शेतकरी, शेतमजूर तिकीट काढून नाटक पाहतात, आणि एका हंगामात एका नाटकाचे कितीतरी प्रयोग होतात. त्याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे २०२३ साली पद्मश्री झाले. ते लोक आपल्याहून श्रीमंत नाहीत, आपल्याहून जास्त शिकलेले नाहीत. परभणीतही दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापसाचा पैसा हातात येतो. फरक एवढाच की तिथे नाटक हंगामाला बांधलेले आहे आणि आपल्याकडे ते स्पर्धेच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे.

आणखी दूरचे उदाहरण हवे असेल तर जर्मनीतले ओबरामरगाऊ हे डोंगरातले गाव घ्यावे. १६३३ साली प्लेगची साथ आली तेव्हा गावाने नवस केला की साथ हटली तर येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक करू. १६३४ साली ते पहिल्यांदा केले, आणि तेव्हापासून साधारण दर दहा वर्षांनी करतात. नट सगळे गावचे. गावात जन्मलेला किंवा तिथे वीस वर्षे राहिलेला माणूसच त्यात काम करू शकतो. सुतार, शिक्षक, हॉटेलवाला, सगळे हौशी. करोनामुळे २०२०चा हंगाम २०२२वर गेला. पण एकदा नाटक उभे राहिले की त्या एका हंगामात प्रयोग होतात शंभराच्या घरात. इतकी मेहनत करून एकच प्रयोग करायचा, ही कल्पनाच त्या गावाला वेडेपणाची वाटेल.

परभणीला शंभर नकोत. नऊ पुरेत. परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा: जिल्ह्याचे नऊ तालुके. बहुतेक तालुक्यांची गावे तासा-दीड तासाच्या अंतरावर. फ्लॅट आहेत, वेशभूषा आहे, नाटक पाठ आहे, छोटा हत्ती भाड्याने मिळतो. सेलूला शाळांची जुनी परंपरा आहे, गंगाखेड जनाबाईंचे गाव आहे, पाथरीला बाहेरून लोक येतात. प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय आहे. स्पर्धा संपल्यानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीत, परभणीच्या उरुसाच्या आगेमागे, जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेने नऊ प्रयोग केले तर तिसऱ्या गावी नट मोकळा होईल, पाचव्या गावी नाटक स्वतःच्या पायावर चालू लागेल, आणि नवव्या गावी परभणीच्या पहिल्या प्रयोगातले नाटक ओळखूही येणार नाही.

असे झाले नाही तर काय होते, तेही समोर आहे. ज्याला नाटकच करायचे आहे तो मुंबईला जातो. संकर्षण कऱ्हाडे परभणीचे. नट म्हणून आणि नाटककार म्हणून आज ते मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर उभे आहेत, याचा परभणीला अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण ज्यांना नोकरी सोडता आली नाही, आईवडिलांना सोडता आले नाही, शेती सोडता आली नाही, ते इथे राहिले. त्यांच्यात गुणी माणसे कमी नाहीत. त्यांना मुंबईचे शंभर प्रयोग मिळणार नाहीत. त्यांना त्यांच्या जिल्ह्याचे नऊ तरी मिळावेत.

आणि हे काम एकट्या संस्थांचे नाही. प्रयोगाचा खर्च संस्था एकदा पेलते. दुसऱ्यांदा तो प्रेक्षकाने पेलायचा असतो. पास मागून नाटक पाहण्याची सवय आपण लावून घेतली आहे. ओळखीचा नट असला की पास, नातेवाईक असला की पास. ज्या घरात एका लग्नाच्या आहेराचा हिशेब चार वेळा होतो, त्या घराला नाटकाचे एक तिकीट जड नसते. ते काढायचे असते, एवढे फक्त लक्षात राहत नाही.

श्रोतेहो, या हिवाळ्यात स्पर्धेची प्राथमिक फेरी होईल. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिसरी घंटा वाजेल. तिकीट काढून या, घरच्यांना घेऊन या, शेवटपर्यंत बसा. पडदा पडल्यावर लगेच घरी जाऊ नका. विंगेमागे जा. तिथे फ्लॅट उतरवत असलेल्या, चेहऱ्यावरचा रंग अजून न पुसलेल्या त्या माणसांना काम आवडले किंवा नाही ते तोंडावर सांगा, आणि निघण्यापूर्वी एवढे विचारा: दुसरा प्रयोग कधी आहे?